नातीच्या कागदावर मी केलेल्या खुणा

नातीचं बंद पाकीट मी उघडलं. आत तिनं पेन्सिलीनं केलेल्या खुणा रबरानं पुसल्या, माझ्या मनाच्या खुणा केल्या आणि पाकीट परत चिकटवलं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे सांगता सांगता मी स्वतःला सोडवून घेईन. म्हातारी माणसं तेच करतात.

मी चौथी शिकलो. भिवंडीत लूमवर उभा जन्म काढला, आधी कामगार म्हणून, मग लूम दुरुस्त करणारा जॉबर म्हणून. लूमनं पोट भरलं आणि कान खाल्ले. कारखान्यात सगळे लूम एकदम खडखडतात तेव्हा तिथे आवाजाला किंमत नसते. माणसं ओठ हलवतात नाहीतर हातानं खुणा करतात. धागा तुटला, चहा आला, शेट आला, सगळ्याला खूण. त्यामुळे समोरच्याचे ओठ दिसले तर मला आजही बोलणं कळतं. ओठ दिसले नाहीत तर माझ्या लेखी ते माणूस मुकं.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. मुलगा आणि सून वापीला कंपनीत कामाला. नात शाळेसाठी लहानपणापासून आमच्याकडे, आता नववीत. आमच्याकडे म्हणजे आता माझ्याकडे. बायकोला जाऊन दीड वर्ष झालं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. कळला तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. म्हणताना ते तिच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

ती सिस्टर आली तेव्हा दुपार होती. पांढरा कोट, तोंडाला मास्क, खांद्याला फायलींची पिशवी. दारात उभी राहून ती काहीतरी सांगत होती. मला दिसत होता नुसता हलणारा मास्क.

"मोठ्यानं बोला सिस्टर, कान गेलेत माझे."

"बाबा, मुलींच्या आरोग्याचा अभ्यास आहे!"

"कसला?"

"वयात येणाऱ्या मुलींचा! मासिक पाळीचा!"

गॅलरीत तीन दारांतून तीन डोकी बाहेर आली.

"अवो बाई, हळू!"

"हळू बोलले तर तुम्हाला ऐकू कसं येणार?"

"तो तोंडावरचा फडका काढा. नुसते ओठ हलवा, मला कळतंय."

ती हसली आणि मास्क खाली ओढला. शेजारीण दारातून मला विचारत होती, काय म्हणते ती? "पोलिओचा डोस हाय," मी म्हटलं. "हां, ऐकला आम्ही तुमचा पोलिओ," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

सिस्टर आत येऊन खाली बसली आणि आवाज न करता नीट सांगायला लागली. ती नर्सच होती, पण नर्सिंगचंच पुढचं मोठं शिक्षण घेत होती. त्यासाठी आमच्या वस्तीतल्या पोरींना प्रश्नांचा कागद भरायला द्यायची. पोरींना काय माहीत आहे, काय त्रास होतो, कोणाला सांगतात, असे प्रश्न. कागदावर नाव नाही, फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा ती वही तिच्याकडे कुलपात.

"शाळेत भरायला दिलं होतं एकदा," ती म्हणाली. "सगळ्या एकमेकींचं बघून लिहितात. चाळीस मुलींचं एकच उत्तर. म्हणून आता घरी देते. एकटीनं भरायचं, पाकिटात घालून चिकटवायचं. तुम्ही उघडायचं नाही हं, बाबा."

"मी कशाला उघडू? मला काय करायचंय पोरींचं?"

"आणि कोणाच्या कागदात काही त्रास दिसला, तर तिला मी बोलावणार. डॉक्टरबाईंना दाखवणार. खर्च काही नाही."

मी सही केली. माझी सही म्हणजे पाच अक्षरं, एकेक अक्षर उभं करावं लागतं. मग तिनं दुसरा कागद काढला आणि नातीची सही मागितली. ते मला पटलं नाही. म्हटलं, मी केली की झालं ना? सिस्टर म्हणाली, "तुम्ही हो म्हटलंत आणि ती नको म्हणाली, तर नकोच." असलं मी या घरात कधी ऐकलं नव्हतं. नात शाळेतून येईपर्यंत सिस्टर थांबली. नातीनं खाली मान घालून सही केली. तिला एक नवी पेन्सिल मिळाली, मागं रबर असलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात शाळेत गेली. पाकीट देवाच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याखाली ठेवलेलं. दुपारी सिस्टर न्यायला येणार होती. मी अंघोळ केली, दिवा लावला, आणि पाकीट दिसलं.

लूमच्या फणीतून धागा ओढायचा एक पातळ आकडा असतो. ते काम सुटलं तरी तो माझ्याकडे आहे. त्या आकड्यानं मी पाकिटाचा डिंक सोडवला. कागद जरासुद्धा फाटला नाही. हात अजून तसाच हलका आहे, याचं मला तेव्हा कौतुकसुद्धा वाटलं. बघा म्हणजे.

मला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून वाचत गेलो. पाळी किती दिवस चालते? चार चौकोन होते, तिनं शेवटच्यात खूण केली होती. आठ दिवसांपेक्षा जास्त. चक्कर येते का? हो. त्रास झाला तर काय करता? लपवते. याबद्दल घरात कोणाशी बोलता? आई, आजी, बहीण, घरातलं इतर कोणी, कोणाशीच नाही. खूण होती कोणाशीच नाही वर.

आधी राग आला. कोणाशीच नाही म्हणजे घरात काय भुतं राहतात? आई फोनवर आहे, मी आहे. मग वाटलं, ही परीक्षा आहे आणि पोरगी नापास होतेय. कोणीतरी शिकलेली बाई हे वाचणार आणि म्हणणार, कसलं घर आहे हे. पण खाली अजून एक गोष्ट होती, ती रागापेक्षा मोठी. आठ दिवसांपेक्षा जास्त. ते मी तीनदा वाचलं. या घरातल्या एका बाईचं रक्त जाताना मी बघितलं होतं. दुसरीचं मला नको होतं. कागदावर नाही म्हटलं की नाहीच होईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. माणूस घाबरला की येडा होतो.

फळीवरची तिचीच पेन्सिल घेतली. पुसलं. पाच ते सात दिवस. चक्कर, नाही. त्रास झाला तर मोठ्यांना सांगते. आणि कोणाशी बोलता, तिथे घरातलं इतर कोणी. म्हणजे मी. माझ्या हातानं मी मला तिथे बसवलं.

दुपारी सिस्टर आली. मी तिला चहा केला. "उघडलं नाही ना, बाबा?" तिनं हसत विचारलं. "छ्या!" मी म्हटलं.

आता बायकोचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील.

ती गेली त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. तिची कंबर दुखायची. कोणीतरी म्हणालं, अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडात बसवा, अंग मोकळं होतं. मी एक सुट्टी बघून तिला आणि नातीला घेऊन निघालो. वज्रेश्वरीला उतरलो. देवळाशी गेल्यावर बायको म्हणाली, मी खालीच बसते, पायऱ्या चढवत न्हाय. मी आणि नात दर्शन घेऊन आलो. मग अकलोलीला गेलो. तिथे बायका कुंडात उतरत होत्या, हसत होत्या, पोरं पाणी उडवत होती. आमची काठावर बसून राहिली. लुगड्याचा काठसुद्धा भिजू देईना.

"उतर की! एवढ्या लांब कशाला आणलंय तुला?"

ती खाली बघून काहीतरी बोलली. पदर तोंडाशी. ती असलं काही बोलायची तेव्हा नेहमी तशीच बोलायची, मान खाली आणि पदर ओठांवर. मला काय दिसणार? मोठ्यानं बोलावं तर भोवती सगळं जग. ती मोठ्यानं काय बोलणार होती, की पाळी जाऊन कैक वर्षं झाली आणि तरी मला रक्त जातंय? आमच्या चाळीत भिंती अशा, की मला ऐकू जाईल इतकं कोणी बोललं तर खालच्या वाण्यालाही कळतं. मला काही गुपित सांगायची सोयच नव्हती. तिनं मग पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. कारखान्यात पोटावर हात म्हणजे भूक लागली. मी "हां हां" केलं आणि तिला गरम वडापाव आणून दिला.

तिनं तो खाल्ला. पुरता खाल्ला.

बहिरी माणसं "हां हां" फार करतात. परत विचारायची लाज वाटते. पदर बाजूला कर आणि परत सांग, एवढं म्हणायला काय लागत होतं मला?

पुढे वर्षभरानं ती मोरीत पडली तेव्हा दवाखान्यात नेली. केसपेपर मी काढला. डॉक्टरनं तिला विचारलं, काय होतंय? मी सांगितलं, उष्णता झालीय, अशक्तपणा हाय, कंबर दुखते. किती दिवसांपासून? मी म्हटलं, झाले असतील पंधरा-वीस. डॉक्टर तिला विचारत होता आणि मी उत्तरं देत होतो, कारण आमच्यात बाई दवाखान्यात गेली की बोलायचं काम पुरुषाचं. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. टॉनिक आणि गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. खरं काय ते कळायला अजून चार महिने गेले.

तर त्या पाकिटानंतर दोन आठवडे गेले. शेजारच्या पोरीला सिस्टरनं बोलावल्याचं कळलं. ती डॉक्टरबाईंकडे जाऊन आली, गोळ्या आणल्या. खालच्या मजल्यावरच्या एका पोरीलाही बोलावलं. नात रोज शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आत माझ्यापुढे उभी.

"आबा, सिस्टर आली होती?"

"न्हाय."

"फोन?"

"न्हाय गं. कशाला पाहिजे तुला सिस्टर?"

"काय नाय."

चार दिवस विचारलं तिनं. पाचव्या दिवशी विचारलं नाही. त्या दिवशी मी गॅलरीत उभा होतो आणि ती जिना चढताना दिसली. दोन मजले. चौदा वर्षांची पोर, दप्तर पायरीवर ठेवून बसली. उठली, परत बसली. वर तोंड केलं तेव्हा तिचे ओठ पांढरे होते. हे ओठ मला वाचता आले. असेच मी दीड वर्षापूर्वी उशीवर बघितले होते.

दुसऱ्या दिवशी धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षात बसलो आणि सिस्टर बसायची त्या आरोग्य केंद्रात गेलो. तिथे सगळ्या बाया. एक म्हणाली, "बाबा, पुरुषांचं तिकडं." मी म्हटलं, "पुरुषाचंच काम हाय, पण इकडं."

सिस्टरला सगळं सांगितलं. मला माझा आवाज कळत नाही, मोठा होतो. पहिल्या वाक्यालाच बाकावरच्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. सिस्टर उठली, मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. मी आकड्याचं सांगितलं, रबराचं सांगितलं. तिनं कपाट उघडलं, वही काढली, नंबर बघून पाकीट काढलं. कागद उजेडात तिरका धरला. पुसलेल्या खुणा खाली दिसत होत्या. पेन्सिल दाबून धरते आमची पोर.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं नुसतं विचारलं, "आठ दिवसांपेक्षा जास्त लिहिलं होतं?"

"हो."

"आणि चक्कर?"

"हो."

"आणि तुम्ही दोन आठवडे गप्प बसलात."

मी मान हलवली. या वेळी "हां हां" केलं नाही.

"उद्याच आणा तिला. डॉक्टरबाई आहेत उद्या." मग तिनं त्या कागदावर लाल पेननं आडवी रेघ मारली. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, हा कागद आता अभ्यासात धरता येणार नाही. तो रद्द.

"नवीन द्या की. ती परत भरेल."

"नाही चालत, बाबा. आता तिला माहीत असणार की घरच्यांनी वाचलंय. ती मग खरं लिहिलंच असं नाही." तिनं कोपऱ्यात कारण लिहिलं. मी म्हटलं, काय लिहिलंत वाचून दाखवा. तिनं ओठ नीट उघडून वाचलं, "पालकाने उत्तरे बदलली."

"आजोबानं लिहा," मी म्हटलं. "पालक म्हणजे तिचे आईबाप वाटतील."

तिनं लिहिलं. मग विचारलं, "तिला कोण सांगणार? मी सांगू?"

"न्हाय. मी."

पण सांगायचं कसं? बोललो असतो तर चाळीनं ऐकलं असतं. संध्याकाळी तिच्या रफ वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. तुझे पाकीट मी उघडले. खुणा पुसल्या. दुसऱ्या केल्या. म्हणून तुला बोलावणे आले नाही. एवढं लिहायला मला चहा दोनदा गरम करावा लागला.

तिनं वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, कोणत्या?

मी एकेक लिहिल्या. शेवटची, घरातलं इतर कोणी. तीही लिहिली.

तिनं कागद जवळ ओढला. मग लिहायला लागली, भराभर, आणि कागद माझ्याकडे सरकवून मोरीत जाऊन तोंड धुवायला लागली. मी बोट ठेवून वाचलं.

आजीचे कपडे मी धुवायचे. अकलोलीच्या आधीपासून. आजी बोलली कोणाला सांगू नको, आबाला तर नकोच, त्याच्या डोक्याला ताप. मी नाही सांगितलं. आजी गेली. म्हणून यावेळी मी खरं लिहिलं होतं.

तेव्हा ती अकरा वर्षांची होती. अकरा वर्षांच्या पोरीनं एवढं सगळं पोटात ठेवलं, माझ्या डोक्याला ताप नको म्हणून. मोठं झाल्यावर, कोणीतरी विचारल्यावर, तिनं पहिल्यांदा खरं सांगितलं. ते मी पुसलं. तिच्या वाटणीचं खरं आता त्या सिस्टरच्या अभ्यासात कुठेच नाही. लाल रेघेखाली आहे.

मी मोरीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. ती तोंड पुसत वळली आणि माझ्याकडे तोंड करून, ओठ नीट उघडून म्हणाली, "माझा कागद फेकला त्यांनी?"

"रद्द केला. माझ्यामुळं."

"मग परत भरू?"

"चालत न्हाय म्हणाली."

तिनं टॉवेल दोरीवर टाकला. "मी एवढं घाबरत घाबरत लिहिलं होतं, आबा," म्हणाली आणि भात लावायला गेली. मी माफी मागितली नाही असं नाही, पण मी मागितली की ती देणार, आणि देणं तिला भाग आहे, म्हणून ती माफी मोजायची नाही असं मी ठरवलंय.

दुसऱ्या दिवशी गेलो. केसपेपरच्या खिडकीवर बाईनं विचारलं, काय त्रास? माझं तोंड उघडलंच होतं. सवय. मी ते मिटलं आणि बाजूला सरकलो. नात पुढे झाली. खिडकीतल्या बाईनं माझ्याकडे बघितलं, म्हातारा मुका आहे की काय असं.

डॉक्टरबाईंच्या खोलीत मीही आत शिरलो होतो. नातीनं माझ्या सदऱ्याची बाही ओढली. "आबा, तू बाहेर बस."

बाहेर बसलो. मांडीवर तिचं दप्तर. खोलीच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती, आणि बाक नेमका दारासमोर. नात खुर्चीवर बसलेली दिसत होती. तिची मान खाली होती. सिस्टर तिच्या शेजारी उभी होती, तिनं खांद्यावर हात ठेवला असावा, कारण नातीनं हळूहळू मान वर केली. आणि ती बोलायला लागली. तिचा चेहरा सरळ काचेकडे होता. ओठ स्पष्ट हलत होते. लूमच्या खडखडाटात मी अख्ख्या खोलीपलीकडून माणसं वाचली आहेत. हे तर चार पावलांवर होतं.

पहिला शब्द मला दिसला. "आजी."

मी उठलो, दप्तर उचललं, आणि बाकाच्या दुसऱ्या बाजूनं, भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता. तो मी बोट न ठेवता वाचायचा प्रयत्न केला. ती बाहेर यायला बराच वेळ लागला. एवढं बोलायचं होतं पोरीला.